सायटेशनला मराठीत काय म्हणायचं? संदर्भ, उद्धरण, दाखला की दखल

एका प्राध्यापक बाईंची दीड पानी माहिती मराठीत करून द्यायचं काम घेतलंय, वाटलं होतं तासाभरात उरकेल, पण दुसऱ्याच ओळीत जो रुतलो तो अजून बाहेर पडलो नाहीये. ओळ साधी आहे: पब्लिकेशन्स इतकी, सायटेशन्स इतकी, एच-इंडेक्स इतका.

आधी पब्लिकेशन्स. "त्यांची ६२ प्रकाशने आहेत" असं लिहिलं आणि वाचून मलाच हसू आलं, मराठीत प्रकाशन म्हणजे एकतर पुस्तकं छापणारी संस्था नाहीतर पुस्तकाचा समारंभ, त्यामुळे बाईंच्या मालकीच्या ६२ प्रकाशनसंस्था असाव्यात असं वाटायला लागलं. "६२ पेपर" लिहावं तर पेपर सकाळी दारात पडतो नाहीतर परीक्षेत अवघड जातो. शोधपत्र हा हिंदीतून घुसलेला शब्द आहे, मला नाही आवडत. शेवटी "६२ शोधनिबंध प्रसिद्ध" असं केलं, ते जमलं असं वाटतंय. (शोधप्रबंध नको, तो पीएचडीचा, माणूस एकच लिहितो आणि तेवढ्यानेच थकतो.)

खरी अडचण सायटेशनची. यंत्राला विचारलं तर त्याने "उद्धरणे: १,१४०" असं दिलं. आता उद्धरण म्हटल्यावर मला तरी कुणाचा तरी उद्धार केल्यासारखं वाटतं, आणि मराठीत उद्धार दोन प्रकारचा असतो हे तुम्हाला माहितीच आहे, दुसरा प्रकार शिव्यांसकट असतो. "संदर्भ: १,१४०" लिहिलं तर बाईंनी स्वतः १,१४० पुस्तकं चाळली असा अर्थ निघतो. म्हणायचंय उलटं, दुसऱ्यांनी यांचं लिखाण १,१४० वेळा आधाराला घेतलं. एका शब्दात कसं सांगायचं?

*

उद्धरण चुकीचं नाही हो, पण इथे बसत नाही. उद्धरण म्हणजे वर उचलून घेणं, दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उचलून आपल्या लेखात ठेवणं. गंमत अशी की त्याच अर्थाचा आपला दुसरा शब्द अवतरण, त्यात खाली उतरवणं आहे, म्हणजे एक वर काढतो आणि एक खाली आणतो आणि दोघांचं काम तेच. अवतरणचिन्हं त्यातूनच आली. पण शास्त्राच्या निबंधात कुणाचं वाक्य जसंच्या तसं क्वचितच देतात, नुसतं "हे आधी अमक्यांनी दाखवलंय" म्हणून कंसात नाव आणि साल टाकतात. ते अवतरणही नाही आणि उद्धरणही नाही.

जाता जाता, उद्धृत हा शब्द लोक उधृत, उध्दृत, उद्घृत असा वाट्टेल तसा लिहितात. उद् अधिक हृत, संधी होऊन उद्धृत. द ला ध जोडायचा, घ नाही.

*

तुमची अडचण शब्दाची नाहीये, बाजूची आहे. एकच गोष्ट दोन टोकांनी दिसते. मी माझ्या निबंधात तुमचं नाव घातलं तर माझ्या बाजूने तो मी दिलेला संदर्भ, आणि तुमच्या बाजूने ते तुम्हाला मिळालेलं सायटेशन. डेरेक डी सोला प्राइस नावाच्या विज्ञानाच्या इतिहासकाराने १९७० च्या सुमारास हा फरक नीट करून ठेवला होता, संदर्भ निबंधात असतो आणि सायटेशन निबंधाला मिळतं, पण लोक तरी दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतातच.

आपल्याकडे हिशोबाच्या वहीत हे कधीच सुटलेलं आहे. देणाऱ्याकडे नावे, घेणाऱ्याकडे जमा. मी संदर्भ दिला की माझ्या वहीत नावे पडला, तुमच्या वहीत जमा झाला. म्हणून "जमा संदर्भ: १,१४०" असं लिहून बघा, ऐकायला विचित्र आहे खरं पण अर्थ एकदम चोख.

*

जमा संदर्भ! कल्पना भारी आहे पण बाई मला मारतील, माहितीपत्रक आहे ते, पासबुक नाही. मात्र बाजूचा मुद्दा पटला, आणि त्यामुळेच एच-इंडेक्स पण समजावून लिहायला सोपा गेला. तो २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढला. समजा सहा निबंध आहेत आणि त्यांना २५, १२, ९, ४, ४, १ असे संदर्भ मिळालेत. निदान ४ संदर्भ मिळालेले निदान ४ निबंध आहेत, पण निदान ५ मिळालेले ५ नाहीत, म्हणून एच झाला ४. आता त्या २५ चे उद्या २,५०० झाले तरी एच चारच राहणार, म्हणजे एका निबंधाच्या जोरावर उडी मारता येत नाही, आणि उलट ज्याने आयुष्यात एकच पण जबरदस्त काम केलं तो बिचारा एक नंबरवरच बसणार. शब्द मी एच-निर्देशांक केलाय, सूचकांक हिंदी वाटतो.

*

प्रभावांक (इम्पॅक्ट फॅक्टर) पण आहे का त्या पानात? असेल तर बघून घ्या, तो माणसाचा नसतो, नियतकालिकाचा असतो. २०२३ चा काढायचा तर त्या नियतकालिकाच्या २०२१ आणि २०२२ च्या मजकुराला २०२३ मध्ये मिळालेले संदर्भ भागिले त्या दोन वर्षांतले निबंध. "प्रभावांक ५ असलेल्या संशोधक" असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय एका निमंत्रणपत्रिकेत.

*

मी दाखला सुचवतो. वकील लोक जुन्या निकालाचा दाखला देतात, म्हणजे हे काम मुळात तिथलंच आहे. आणि ही नुसती उपमा नाही. १८७३ मध्ये अमेरिकेत इलिनॉयला फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने निकालांची यादी करायला घेतली, हा निकाल पुढे कुठल्या कुठल्या खटल्यात वापरला गेला याची. यूजीन गारफिल्ड या माहितीशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये विज्ञानासाठी तशीच यादी करा म्हणून लेख लिहिला तेव्हा त्याच्यासमोर नमुना हाच होता, आज एका क्लिकवर जे आकडे दिसतात त्यांची सुरुवात वकिलांच्या कपाटात आहे.

आता शब्दाकडे. दाखला, दाखल आणि दखल हे तिन्ही एकाच अरबी धातूचे, आत शिरणे हा मूळ अर्थ. मग बघा, लिहिणारा दाखला देतो आणि ज्याचा दिला त्याची दखल घेतली जाते. दोन्ही टोकं एकाच कुळातल्या शब्दांत मिळाली. "त्यांच्या संशोधनाची १,१४० निबंधांत दखल" हे मराठी आहे, कुणालाही कळेल. हवाला पण चालला असता, तोही शुद्ध शब्द आहे, हवाला देणे म्हणजे आधार सांगणे, पण हवाल्याच्या पैशांनी तो शब्द बदनाम करून ठेवलाय, बाईंच्या नावापुढे "हवाले: १,१४०" आलं तर चौकशी लागेल.

*

दखल शब्द गोड आहे पण फार उदार आहे. दखल घेतली म्हणजे निदान वाचलं तरी असं आपण धरतो. तिथेच घोटाळा आहे.

२००३ मध्ये सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी एक झकास युक्ती केली. भौतिकशास्त्रातला एक गाजलेला निबंध घेतला, सुमारे ४,३०० ठिकाणी संदर्भ आलेला, आणि त्या संदर्भांतल्या छपाईच्या चुका मोजल्या, म्हणजे खंड चुकला, पान चुकलं अशा. १९६ चुकीचे निघाले, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पानाच्या आकड्याची एकच चूक तर ७८ वेळा जशीच्या तशी. आता ७८ माणसांची बोटं एकाच आकड्यावर घसरणार नाहीत ना, एकाने चूक केली आणि बाकीच्यांनी त्याच्या यादीतून उतरवून घेतलं, मूळ निबंध न उघडता. त्यांचा अंदाज होता की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण पाचातला एकच मूळ वाचतो. शाळेत वही कॉपी करणारा पकडला जायचा ते असंच, बरोबर उत्तरावरून नाही, चुकीच्या उत्तरावरून.

याहून वरचा किस्सा म्हणजे एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून एक काल्पनिक निबंध छापला होता, लेखक खोटे, निबंध खोटा, विषय काय तर शास्त्रीय निबंध लिहिण्याची कला. त्याला शेकड्याने संदर्भ मिळाले! बरेच लेखक तो नमुना आपल्या यादीतून खोडायलाच विसरले. जो निबंध कुणी लिहिलाच नाही त्याची शेकडो जणांनी "दखल" घेतली, बोला आता.

*

वरच्या प्रतिसादाशी सहमत, आणि त्यात भर. वाचलं असलं तरी काय म्हणून घेतलं हे त्या आकड्यात उरत नाही. मराठीत क्रियापदं बघा किती आहेत: नुसता उल्लेख केला, दाखला दिला, आधार घेतला, परामर्श घेतला, खंडन केलं, समाचार घेतला. यातला परामर्श म्हणजे आपल्याकडे साधकबाधक चर्चा, हिंदीतल्यासारखा सल्ला नाही, आणि समाचार तर विचारूच नका, कुणी कुणाचा समाचार घेतला की समजायचं धुलाई झाली. पण मोजणाऱ्याच्या लेखी सगळे एक एक. लस आणि ऑटिझमचा संबंध लावणारा १९९८ चा निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, त्याचे संदर्भ आजही वाढतातच, कारण जो तो "हे कसं चुकलं" सांगायला त्याचंच नाव घेतो. उलट लाउरी यांची प्रथिनं मोजायची १९५१ ची पद्धत, तिला तीन लाखांच्या वर संदर्भ, तिथे ना परामर्श ना समाचार, पद्धत वापरली म्हणून नाव टाकलं इतकंच.

शेपर्डच्या यादीत निकालापुढे अक्षरं असायची, हा पुढे मान्य केला, याच्यावर टीका झाली, हा फिरवला. वकिलाला ते कळणं भाग होतं, फिरवलेला निकाल कोर्टात नेला तर तोंडावर पडणार. विज्ञानाचे आकडे मोजताना ती अक्षरंच गळली. माझं मत, दखल नको, समाचार तर नकोच, सगळ्यांत निर्गुण शब्द संदर्भच आहे. "अन्य संशोधकांनी दिलेले संदर्भ: १,१४०" असं सरळ लिहा. एका शब्दाचा हट्ट सोडा.

*

पाणिनीने हे एका विभक्तीत केलंय म्हणून राहवत नाही. "लोपः शाकल्यस्य" असं सूत्र आहे, षष्ठी लावली की झालं, म्हणजे शाकल्यांच्या मते लोप होतो. दहा जुन्या वैयाकरणांची नावं अष्टाध्यायीत अशी आलीत, आपिशलि, गार्ग्य, गालव, शाकटायन वगैरे, आणि त्यातल्या बहुतेकांची व्याकरणं आज हातात नाहीत, नाव उरलं ते असल्या संदर्भांमुळेच. त्यांचा एच-निर्देशांक काढायचा तर निबंधच सापडायचे नाहीत.

आणि हो, मी आत्ता "शाकटायन वगैरे" लिहिलं ते खरं तर चुकलं, वगैरे वस्तूंना, माणसांना प्रभृती. निबंधात पहिल्या लेखकाचं नाव देऊन बाकीच्यांना गुंडाळतात तिथे "व इतर" लिहितात, मला "प्रभृती" जास्त शोभतं. किंवा साधं "व सहकारी".

*

सहकाऱ्यांवरून आठवलं, १९७५ मध्ये जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने लिहिलेल्या निबंधात सगळीकडे "आम्ही" लिहिलं होतं, एकटा लेखक असेल तर आम्ही चालणार नाही असं कुणीतरी त्याला सांगितलं, आणि टाइपरायटरचा जमाना, सगळं परत कोण बडवणार, म्हणून त्याने आपल्या मांजराचं नाव सहलेखक म्हणून घातलं, एफ. डी. सी. विलार्ड. निबंध छापून आला. मराठीत लिहिला असता तर मांजर लागलं नसतं, आपल्याकडे एकटा माणूसही खुशाल आम्ही असतो.

*

सगळ्यांचे आभार. अखेर हे पाठवलं: "६२ शोधनिबंध प्रसिद्ध, अन्य संशोधकांच्या लेखनात १,१४० संदर्भ, एच-निर्देशांक १७". दखल मनातून जात नव्हती पण त्या ७८ चुकांनी ती घालवली. बाईंचं उत्तर आलं, छान आहे म्हणाल्या, आणि फक्त एक विचारलंय, १,१४० मध्ये त्यांनी स्वतःच्याच जुन्या निबंधांचे दिलेले संदर्भ पण धरलेत, ते काढून आकडा खाली आणू का, आणि तसं केलं तर पुढे काय लिहायचं. स्वसंदर्भ वगळून?

*

"घरचे वगळून" लिहा.