मदत हवी आहे: शोकेसमधला विषारी शंख ठेवावा की टाकावा?

सासरे नौदलात होते. १९७४ साली त्यांनी पोर्ट ब्लेअरहून आणलेला एक शंख आमच्या शोकेसमध्ये आहे. चारपाच इंच लांब, वजनाला हलका, तोंड चांगलं रुंद. पांढुरक्या-गुलाबी अंगावर तपकिरी जाळी, शेंड्याला बारीक दातेरी कडा. परवा नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अगदी अशाच शंखाचा फोटो आला, खाली 'हात लावताच मृत्यू'. झालं! सासूबाई म्हणतात नदीत सोडा, सासरे अबोला धरून बसलेत. सहा वर्षांचा लेक रोज हाच शंख कानाला लावतो. हलवला की आत काहीतरी खुळखुळतं, म्हणून मलाही धास्ती. विष इतकी वर्षं टिकतं का? आणि डिसेंबरात अंदमानला जातोय, तिथे पोराला कसं आवरू?

खाडीकाठ: वर्णनावरून कोनस जिओग्राफस वाटतोय, कोन गोगलगायींमधला माणसाला सगळ्यांत घातक. पण विष शंखात नसतं, आतल्या जिवात असतं. सोंडेतून पोकळ दात भाल्यासारखा मारते, त्यातून विष सोडते. गोगलगाय न् पोटात पाय म्हणतात, हिच्या सोंडेत भाला! रिकामा शंख खुशाल ठेवा. खुळखुळते ती बहुधा वाळू. काडीने कोरू नका, कोमट पाण्यात भिजवून धुवा.

निवांत: जिवंत असेल तर मात्र कुठूनही धरा, सोंड पोचते. हातमोजेही भरवशाचे नाहीत. १९३५ साली ऑस्ट्रेलियात हेमन बेटावर एक तरुण असाच शंख हातात घेऊन बघत होता, काही तासांत गेला. दंश दुखेलच असं नाही, म्हणून लोक गाफील राहतात. प्रतिविष नाही. क्रेप बँडेज घट्ट गुंडाळून, हात-पाय अजिबात न हलवता इस्पितळ गाठायचं. श्वासाचे स्नायू लुळे पडतात, तेवढा वेळ कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. पोराला सांगा, पाण्यातला शंख उचलायचा नाही, खिशात तर मुळीच नाही.

खाडीकाठ: एक गंमत राहिली. ही बया माशांवर चक्क इन्सुलिन सोडते. साखर उतरून मासा सुस्तावला की तोंड पसरून गिळते. २०१५ साली हे उजेडात आलं.

धागाकर्ती: दोघांचे आभार! सासरे रोज इन्सुलिन टोचून घेतात, त्यांना ती एकदम घरचीच वाटायला लागली. अबोला सुटला. शंख धुतला, आतून वाळू आणि एक वाळलेलं झुरळ निघालं. सासरे म्हणाले, "वाळू अंदमानची, झुरळ तुमचं."