मदत हवी आहे: आईच्या इरकलचा वनपीस

मैत्रिणींनो, डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न आहे आणि तयार इरकल वनपीसचे भाव बघून डोळे पांढरे झाले, म्हणून आईकडून तिची जुनी हिरवी इरकल मागून घेतलीये. साडी साडेपाच मीटर म्हणजे कापड भरपूर, पण उजेडात धरली की घड्यांवर विरलेली दिसते, तेवढं टाळूनच कटिंग करावं लागणार. लाल पदर योकला (छातीवरच्या भागाला) आणि काठ खाली घेराला असं डोक्यात आहे. आता ए-लाइन (वर अरुंद, खाली पसरत जाणारा) कापला तर घेर गोल येतो नि काठ सरळ, तो बसणार कसा? कमरेला चुण्या घालून सरळच ठेवू की काठ वेगळा कापून जोडू (मला चुण्यांनी अजूनच जाड दिसायला होतं हो)? अस्तराला साधं कॉटन घेतेय, आधी भिजवून आटवून, पण ते चुण्यांखाली फुगतं का? आणि पदराचा रंग जातोय, मिठाच्या पाण्याने खरंच थांबतो का कोणाचा? मशीन साधंच आहे, कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून लागतं ते ओव्हरलॉक नाही. प्लीज टेलरकडे दे म्हणू नका, अस्तर लावून शिलाई ऐकलीत तर नवीन साडी येईल तेवढ्यात!