पॉल मॅकार्टनीचे उतारवयातले अल्बम खरंच चांगले आहेत, का वय बघून मार्क देतात?

नवीपेठकर:
नमस्कार मंडळी, सोलापुरातनं लिहितोय. आमच्या मामांकडं बीटल्सच्या कॅसेटी होत्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडं गेलो की दुपारभर तेच चालायचं, बाहेर ४३-४४ डिग्री आणि आत पंखा फुल, त्यामुळं पॉल म्हणलं की माझ्या कानात तो पंचविशीतलाच आवाज येतो. बीटल्सनंतर पॉलनं काढलेल्या विंग्ज बँडचा 'बँड ऑन द रन' पण पाठ आहे. त्याच्यापुढं कधी गेलोच नाही. मागच्या महिन्यात २०१८ चा 'इजिप्त स्टेशन' लावला आणि पहिल्याच गाण्याला कसंतरी झालं, आवाज केवढा थकलाय ओ. मग रिव्ह्यू वाचायला घेतले तर बहुतेक ठिकाणी कौतुक, अमेरिकेत तर नंबर वन झाला होता म्हणे, १९८२ च्या 'टग ऑफ वॉर'नंतर पहिल्यांदाच. आता हे कौतुक गाण्यांचं का माणसाच्या वयाचं? मला खरंच कळून घ्यायचंय, कुणी नीट सांगितलं तर बरं होईल.

काळी_दोन:
मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, हुतात्मा स्मृती मंदिरात बरेच प्रोग्रॅम केलेत, त्यामुळं आवाजाबद्दल थोडं बोलू शकतो. वय झालं की वरचे सूर आधी जातात, मग आमच्याकडं सरळ पट्टी खाली घेतात, गायकाने आधीच सांगून ठेवलेलं असतं की दीड-दोन सूर उतरव, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पॉल स्टेजवर बरीच जुनी गाणी अजून मूळ पट्टीतच गातो. म्हणून लाइव्हमध्ये आवाज चिरकतो आणि लोकांना वाटतं संपला. माझ्या मते ती त्याची चूक आहे, पट्टी उतरवली असती तर अजून छान गायला असता.

पण स्टुडिओतला पॉल वेगळा आहे. तुम्ही 'इजिप्त स्टेशन' ऐकून ठरवू नका, आधी २००५ चा 'केऑस अँड क्रिएशन इन द बॅकयार्ड' ऐका. बीटल्सचे प्रोड्युसर जॉर्ज मार्टिन, त्यांनी या अल्बमसाठी प्रोड्युसर म्हणून नायजेल गॉडरिचचं नाव सुचवलं, रेडिओहेड बँडचे अल्बम करणारा. या माणसानं पॉलचा टूरचा बँड बाजूला ठेवायला लावला, म्हणला जास्तीत जास्त वाद्यं तूच वाजव, आणि जी गाणी पटली नाहीत ती पॉलच्या तोंडावर नको म्हणून सांगितली. विचार करा, साठी ओलांडलेल्या पॉल मॅकार्टनीला तिशीतला पोरगा म्हणतोय की हे गाणं बरोबर नाही. पॉल चिडला, पण थांबला, एका गाण्याची तर चालच पुन्हा केली. मला त्याच्या उतारवयाची सगळी गोष्ट इथंच दिसते. त्याला चाली कधीच कमी पडल्या नाहीत, कमी पडला तो नको म्हणणारा माणूस. आधी बीटल्समध्ये जॉन लेनन होता, नंतर बरीच वर्षं समोर सगळे हो म्हणणारेच. 'जेनी रेन' रात्री हेडफोन लावून ऐका, गिटार आणि आवाज, बाकी जवळपास काहीच नाही, आणि तो जो बारीक खरखरीत आवाज झालाय ना तो त्या गाण्याला पंचविशीतल्या आवाजापेक्षा शोभतो.

रॅम_१९७१:
वय बघून मार्क देतात हे अर्धंच खरं आहे भाऊ. आधी तर वय नसताना मार्क कापले होते त्याचं काय? १९७१ ला 'रॅम' आला तेव्हा रोलिंग स्टोन मासिकानं अक्षरशः धुतला. बीटल्स याच्यामुळं फुटले असा लोकांचा राग होता आणि जॉन म्हणजे खरा कलाकार, पॉल म्हणजे गोडगोड गाणी करणारा, असं ठरूनच गेलं होतं. तोच 'रॅम' २०१२ ला पुन्हा काढला तर सगळे म्हणायला लागले की काय भारी अल्बम आहे. गाणी तीच की! एक सूर बदलला नव्हता. १९८० च्या 'मॅकार्टनी टू'चं पण तसंच, घरी एकट्यानं सिंथेसायझरवर केलेला, तेव्हा हसले लोक, आणि नंतरच्या इलेक्ट्रॉनिकवाल्या पोरांनी तोच उचलला. त्यातलं 'टेम्पररी सेक्रेटरी' त्यानं स्टेजवर पहिल्यांदा वाजवलं २०१५ ला, म्हणजे ३५ वर्षांनी. माझं तर म्हणणं आहे की आत्ताचं कौतुक म्हणजे जुनी बाकी फेडणं चाललंय, आणि ती फेडलीच पाहिजे.

होटगी_रोड:
मला नाही पटत. मी पण फॅन आहे, पण म्हणून सगळंच चांगलं कसं म्हणायचं. १९८४ ला स्वतः लिहून पिक्चर काढला तो पडला, १९८६ चा 'प्रेस टू प्ले' आज ऐकवत नाही, ते ड्रमचे आवाज त्या काळातच अडकलेत. आणि 'इजिप्त स्टेशन'मध्येच 'फु यू' नावाचं एक गाणं आहे, रायन टेडर या पॉप प्रोड्युसरबरोबर केलेलं, ७६ व्या वर्षी पोरांच्या रेडिओवर लागावं म्हणून केल्यासारखं वाटतं. ते ऐकून मला वाईट वाटलं, खरंच. ज्या माणसाच्या मागं अख्खं जग धावलं त्यानं कुणाच्या मागं का धावायचं? तिथं टीकाकारांनी वय न बघता स्पष्ट बोलायला पाहिजे. नवीपेठकर, तुमचा संशय बरोबर आहे.

काळी_दोन:
होटगी रोड, 'फु यू'बद्दल १००% मान्य. पण ते एका गाण्याचं झालं, त्यावरनं वीस वर्षांचं काम कसं तोलणार.

अक्कलकोट_वेस:
मी इथं फक्त वाचत असते, पण आज लिहावंसं वाटलं. तुम्ही सगळे आवाजाचं आणि नंबरचं बोलताय, मला तो काय गातोय त्याच्याबद्दल सांगायचंय. २००७ च्या 'मेमरी ऑलमोस्ट फुल'मध्ये 'द एंड ऑफ द एंड' म्हणून गाणं आहे. स्वतःच्या मरणाबद्दल. मी जाईन त्या दिवशी रडू नका, हसा, जुन्या आठवणी सांगा, गाणी म्हणा, असं काहीसं, पियानोवर, अजिबात गळा न काढता. माझे वडील भजनी मंडळात होते, शेवटच्या दोन वर्षांत आवाज पार गेला होता, पण अभंग म्हणायला बसले की समोरच्यांची टाळ वाजवायची हालचाल आपोआप हळू व्हायची, कारण प्रत्येक शब्द ऐकू यावा असं वाटायचं. ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वडील आठवले. असं गाणं पंचविशीत गाऊन चाललंच नसतं. त्या वयात 'मी म्हातारा झाल्यावर' हे गंमत म्हणून लिहिता येतं, आणि त्यानं ते लिहिलंही होतं, पण हे वेगळं आहे.

आणि बायको लिंडा १९९८ ला गेल्यावर पुढच्याच वर्षी त्यानं लहानपणीची रॉक अँड रोल गाणी घेऊन 'रन डेव्हिल रन' अल्बम केला, सोबत गिटारवर पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर, आठवड्याभरात रेकॉर्ड. दुःखात माणूस आपल्या पहिल्या आवडीकडं जातो, तो अल्बम त्या कानानं ऐका.

रॅम_१९७१:
ताई, हे फार चांगलं लिहिलंत. त्यात एवढंच घालतो की लॉकडाऊनमध्ये पण तो घरच्या स्टुडिओत एकटाच बसून सगळी वाद्यं वाजवत होता, तोच 'मॅकार्टनी थ्री', डिसेंबर २०२० चा. इंग्लंडमध्ये नंबर वन झाला, सोलो म्हणून १९८९ नंतर पहिल्यांदा. कुणी मागितला नव्हता त्याच्याकडनं.

नवीपेठकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. 'केऑस' काल रात्री गच्चीवर बसून पूर्ण ऐकला, दोनदा. 'जेनी रेन'ला काळी दोन म्हणाले ते पटलं, आवाज बारीक झालाय पण एकही शब्द वाया जात नाही. होटगी रोड यांचं पण पटलं, 'फु यू' मी परत लावणार नाही. ताईंचं गाणं अजून ऐकलं नाही, ते मामांकडं जाऊन ऐकणार आहे. मामा आता ७४ चे आहेत, कॅसेट प्लेअर कधीच बंद पडलाय, त्यांना २००५ नंतरचं काहीच माहीत नाही. रविवारी स्पीकर घेऊन जातो, आधी 'जेनी रेन' लावतो, कोण गातंय ते न सांगता.