जावा २५० की आरएक्स १००?

कोथरूडकर:
परवा गॅरेजमध्ये अर्धवट राहिलेला वाद इथे पुढे नेतोय. माझं मत, घरात एकच जुनी टू-स्ट्रोक (इंजिनाच्या दर फेरीला एकदा पेट्रोल जाळणारी) मोटरसायकल ठेवायची असेल तर जावा ठेवा, यामाहाची आरएक्स नको. मूळ चेकोस्लोव्हाकियाची, साठच्या दशकात म्हैसूरला बनायला लागली. तो डाव्या पायाचा दांडा बघा फक्त! आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की तोच गिअर, आणि गिअर टाकताना आतल्या आत क्लचही तोच सोडवतो, म्हणजे क्लच केबल कात्रजला तुटली तरी गाडी घरापर्यंत येते. पन्नासच्या दशकातलं डोकं आहे हे!

नानापेठवाला:
दादा, डोकं मान्य, पण आकडे बघा ना. जावा २४९ सीसीतून साधारण १२ बीएचपी ताकद काढते, आरएक्स ९८ सीसीतून ११. इंजिन निम्म्याहून लहान आणि गाडी जेमतेम शंभर किलोची. कारण आहे आरएक्सचा रीड व्हॉल्व्ह. जावात पोर्ट, म्हणजे सिलिंडरची आत यायची वाट, पिस्टनच उघडतो-बंद करतो, त्यामुळे कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरताना, आत आलेलं पेट्रोल-हवेचं मिक्श्चर थोडं परत कार्बोरेटरकडे ढकललं जातं. यामाहाने वाटेत पातळ पत्र्याच्या पाकळ्या बसवल्या, आत जाताना उघडतात आणि उलटं यायला लागलं की मिटतात. १९८५ ला ही गाडी आली तेव्हा आपल्याकडे असं पिकअप कुठल्या शंभर सीसीला होतं सांगा.

सासवडरोड:
पिकअप सिग्नलपुरतं हो. दिवे घाटात डबलसीट, मागे सामान, अशी चढवा मग बोलू. जावाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, लांब स्ट्रोक, त्यामुळे खालच्या आरपीएमलाच ओढते, तिसऱ्यावर टाकायची आणि निवांत जायचं. आरएक्स ५० बाय ५०, तिला सारखं पिळावं लागतं, सारखे गिअर पाडावे लागतात. आणि आता रस्त्यावर ज्या आरएक्स दिसतात त्यातल्या कितीतरी सायलेन्सर फोडलेल्या, नुसता कानठळ्या बसवणारा आवाज.

नानापेठवाला:
ते करणाऱ्यांवर माझाही राग आहे, पण त्यात गाडीचा काय दोष? टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे इंजिनाचाच भाग असतो, धुराची लाट परत येऊन ताजं मिक्श्चर सिलिंडरमध्ये अडवून ठेवते, सगळं माप त्यासाठी काढलेलं असतं. आतली आवाज दाबणारी जाळी काढली की आवाज वाढतो आणि ताकद जाते, हे सांगून सांगून थकलो. कंपनीचा सायलेन्सर असलेली आरएक्स एकदा चालवा आणि मग घाटाचं बोला.

कोथरूडकर:
चालवलीय, छान आहे, तरी मत तेच. आणखी एक, २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षं झालेल्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते. साठ-सत्तरच्या सुरुवातीच्या जावा त्यात बसतात, सगळ्यात जुन्या आरएक्सलाही २०३५ उजाडेल.

सासवडरोड:
इथे मात्र मी तुमच्या बाजूने नाही. विंटेज नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली एवढंच. जावा झाकून ठेवायची असेल तर हा सगळा वाद कशाला घालतोय आपण? साधी आरसी रिन्यू करा आणि चालवा.