वेगळं लायसन्स नाही, पण

महासागरावर उडायला वैमानिकाला वेगळं लायसन्स लागतं, असं काहींना वाटतं. तसं नाही. एटीपीएल (एअरलाइन वैमानिकाचं लायसन्स) आणि त्या विमानाचं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवायची पात्रता) तेच असतं. मात्र विमान कंपनीला त्या हवाई क्षेत्रासाठी मंजुरी घ्यावी लागते आणि वैमानिकांना त्याचं खास प्रशिक्षण द्यावं लागतं.

या प्रशिक्षणात इंजिन बंद पडण्यापेक्षा जास्त घाम फुटतो तो आकडे तपासताना. अक्षांश-रेखांशाचा एक अंक चुकला की विमान निमूटपणे भलतीकडे जातं, आणि किनाऱ्यावरच्या रडारला ते दिसत नाही. म्हणून मार्गावरचा प्रत्येक बिंदू दोन्ही वैमानिकांनी स्वतंत्रपणे पडताळायचा.

आणखी एक गंमत (मला तरी वाटते). जीपीएस इतकं अचूक झालंय की एकाच मार्गावरची विमानं अगदी एकावर एक येतात. उंचीत चूक झाली तर थेट टक्कर. त्यामुळे मुद्दाम २ सागरी मैलांपर्यंत उजवीकडे सरकून उडायला शिकवतात.

दोन इंजिनांच्या विमानांचे इटॉप्सचे नियम (एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक वेळेत पर्यायी विमानतळ गाठता यावा, यासाठीचे) वेगळेच. २००१ मध्ये अटलांटिकवर एअर ट्रान्सॅट या कॅनडातल्या कंपनीच्या ए३३० विमानातलं इंधन गळून संपलं, दोन्ही इंजिनं बंद पडली. विमान तरंगत अझोर्स बेटांवरच्या लाजेस विमानतळावर उतरलं, सगळे वाचले. पर्यायी धावपट्टी कुठे आहे, हे सतत डोक्यात ठेवायला लावतात ते यासाठीच.