गोव्याला जायलोय, ब्लॅकजॅक शिकायचाय : ८,००० रुपयांत एका डावाला किती लावायचे?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
नमस्कार मंडळी. चुलतभावाचं लग्न ठरलंय, त्याआधी आम्ही सहा जण गोव्याला जायलोय. सोलापुरातनं विमान सुरू झाल्यापासून 'लांब पडतं' म्हणायची सोय राहिली नाही. एक रात्र मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर काढायची आहे. मला रमी येते, दिवाळीत तीन पत्ती होते, पण ब्लॅकजॅकला कधी हात लावला नाही. २१ करायचे एवढंच ठाऊक.

त्या रात्रीसाठी ८,००० वेगळे काढलेत. गेले तर गेले, यंत्रमागांच्या वीजबिलाला हात लावणार नाही. खेळायचं कसं आणि एका डावाला किती लावायचे? मामा म्हणतो, हरलास की दुप्पट लाव, एकदा जिंकलास की सगळं भरून निघतं. ऐकायला बरोबर वाटतं, पण कुठंतरी पाणी मुरतंय.

सातरस्ता_७७
गड्ड्याच्या जत्रेत रिंगा टाकून आजवर साबणाशिवाय काय जिंकलास बे? बोटीवर जा, पोटभर जेव, नदीचं वारं खा आणि ये.

चटणीवाला
मी साडेपाच वर्षं पणजीला बोटीवर डीलर होतो. वडिलांचं दुखणं निघालं म्हणून परत आलो, आता घरचा शेंगाचटणीचा धंदा बघतो. टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो.

२१ करायचे हे आधी डोक्यातनं काढ. डीलरला हरवायचं असतं : २१ न ओलांडता त्याच्यापेक्षा जास्त करायचे, नाहीतर तो २१ च्या वर जायला हवा. म्हणून ते १३ वरही जमतं. गुलाम, राणी, राजा १० चे. एक्का १ किंवा ११, तुझ्या सोयीने. तुझी दोन पानं उघडी, डीलरचं एक उघडं. तू पान मागतोस किंवा थांबतोस. २१ च्या वर गेलास की बस्ट. डीलरला मात्र डोकं चालवायची मुभाच नसते. १६ पर्यंत पान ओढायचंच, १७ ला थांबायचं (एक्का धरून १७ झाले तर काही टेबलांवर आणखी एक ओढतात, ते कापडावर छापलेलं असतं). समोरचा रडकुंडीला आलेला दिसायचा, तरी १६ वर मला पान घ्यावंच लागायचं.

मग कॅसिनो कमावतो कुठे? तू माझ्या आधी खेळतोस, तिथे. तू बस्ट झालास की चिप मी लगेच उचलली. मागनं मीही बस्ट झालो तरी ती परत मिळत नाही.

आता माझं उघडं पान बघून खेळायला शीक. माझं २ ते ६ असेल आणि तुझे १३ ते १६, तर गप्प थांब, बस्ट व्हायची पाळी माझी आहे. ६ दिसत असेल तर शंभरातनं चाळीसेक वेळा मी फुटतोच. माझं ७ किंवा वरचं असेल तर तुला १७ होईपर्यंत पान घ्यावं लागतं, १६ वर हात थरथरला तरी. ११ आले आणि मी एक्का दाखवत नसेन तर डबल कर, म्हणजे बेट दुप्पट करून एकच पान घे. दोन एक्के, दोन अठ्ठे फोड, म्हणजे स्प्लिट : तेवढीच आणखी एक बेट लावून दोन वेगळे डाव करायचे. दोन दहाच्या पानांचे २० झालेत ते फोडू नको, शेजारचा कितीही टोचो. मी एक्का दाखवला की 'इन्शुरन्स?' असं विचारतात, म्हणजे माझं झाकलेलं पान दहाचं निघेल यावर वेगळी बेट लावणार का. नाही म्हणायचं. एकास दोन देतात, म्हणजे तीनात एकदा तरी दहाचं पान निघायला हवं. नव्या जोडातला तो एक्का सोडला तर ५१ पानांत दहाची १६. पुरत नाहीत.

एवढं पाळलंस, तर बऱ्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोचा वाटा शेकडा अर्ध्याच्या आसपास येतो. मनाला येईल तसं खेळणाऱ्याचा सहज दोनच्या पुढे जातो.

बसण्याआधी कापडावर '३ टू २' आहे का '६ टू ५' ते बघ. एक्का आणि दहाचं पान आलं, म्हणजे ब्लॅकजॅक लागला, की २०० वर पहिल्यात ३०० मिळतात, दुसऱ्यात २४०. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा लागतो. तासाला ६० डाव धर, म्हणजे नुसत्या या एका ओळीपायी दीडशेच्या वर जातात. लोक पाटी न वाचता डीलरचं तोंड बघून टेबल निवडतात!

बेटचं सांगतो. ८,००० चे ४० भाग कर, एकाचे २००. कमीत कमी ५०० वालं टेबल असेल तर तुझ्याकडे १६ च डाव आहेत, त्यात एक डबल, एक स्प्लिट आला की संपलं. २०० ने तासभर खेळलास तर नियमाने जाणारी रक्कम शंभराच्याही आत. पण नशिबाचा झोका दीड-दोन हजारांचा असतो, वरही आणि खालीही. ५०० ने तोच झोका साडेचार हजारांचा होतो. ८,००० त झेपणार नाही. तेवढं छोटं टेबल मिळालं नाही तर उभं राहून बघ.

मामांचं गणित : २००, ४००, ८००, १,६००, ३,२००. पाच हरलास की ६,२०० गेले, सहावी बेट ६,४०० ची आणि खिशात १,८००. ओळीने पाच हरणं तासाभरात एकदा तरी घडायची शक्यता निम्म्याहून जास्त. घरी पैसे असते तरी टेबलाला वरची मर्यादा असतेच.

बाकी, पैसे डीलरच्या हातात देऊ नको, कापडावर ठेव. पान हवं तर बोटाने कापडावर टकटक, नको तर हात आडवा हलव. तोंडी सांगितलेलं कॅमेऱ्याला दिसत नाही. वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र घे. आणि सरावासाठी फोनवर पैसे लावायच्या भानगडीत पडू नको, २०२५ च्या कायद्याने तसल्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. घरी शेंगदाण्यांवर खेळ.

रेल्वेलाईन्स_काका
शेवटी बसलेला चुकीचं पान ओढतो आणि सगळं टेबल हरतं म्हणतात, त्याचं काय?

चटणीवाला
काका, जितक्या वेळा त्याने बिघडवलं तितक्याच वेळा सुधारलंय. बिघडलेलं तेवढं लक्षात राहतं. त्यावरून मारामारीपर्यंत गेलेली पाहिलीत मी.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
दादा, काल रात्री सुरुवात केली. एक शेंगदाणा म्हणजे २००, माझ्यापुढे ४०, बायको डीलर. १६ वर पान मागायला तुम्ही म्हणालात तसाच हात थरथरला. दीड तासाने ३४ उरले. माझ्या हिशोबाने ३७ हवे होते, पण डीलरच जिंकलेले खात होती, त्यामुळे वहीत जुळेना. उरलेले सकाळी आईने कुटात घातले. २०० वालं टेबल नाही मिळालं तर उभाच राहीन, मामालाही तसंच सांगितलंय. तो अजून ६,४०० कुठून आणायचे त्याच्यावर विचार करायलाय.