एका प्रोसेससाठी रेडिस कशाला? कॅश मेमरीतच ठेवा

मुलुंडकर: अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात लोकलचं वेळापत्रक दाखवणारं छोटं अ‍ॅप आहे. नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) एकच प्रोसेस, म्हणजे प्रोग्रामची एकच चालू प्रत. परवा मीटिंगमध्ये कॅशसाठी, म्हणजे एकदा आणलेली माहिती काही वेळ हाताशी ठेवायला, रेडिस हा वेगळा मेमरी-डेटाबेस बसवायचं ठरलं, आणि मला ते अजिबात पटलेलं नाही. प्रोसेसमध्येच एक मॅप (नाव आणि त्याची माहिती अशा जोड्यांचा साठा) घ्या, प्रत्येक नोंदीसोबत ती कधी संपते ती वेळ ठेवा. वाचताना डेट.नाऊ(), म्हणजे आत्ताची वेळ, त्या वेळेच्या पुढे गेलं असेल तर नोंद काढा, नवी आणा. वीसेक ओळींत भागतं.

फक्त प्रत्येक नोंदीला सेटटाइमआउट (ठरावीक वेळाने काम करणारा टायमर) लावत बसू नका. आम्ही ३० दिवसांची मुदत लावली होती, तर नोंद ठेवली की लगेच गायब! सेटटाइमआउटची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम २४.८ दिवस. त्यापुढचा आकडा दिला की नोड तो १ मिलिसेकंद धरतो. लॉगमध्ये तसा इशारा येत होता, आम्ही दोन दिवस भलतीकडेच शोधत होतो.

वडाळा_रोड: साफ असहमत. वाचतानाच काढणार म्हणता, मग जी नोंद पुन्हा कोणी वाचतच नाही तिचं काय? ती तशीच पडून राहणार. लोक सर्चमध्ये काहीही टाइप करतात, प्रत्येक शब्दाची एक नोंद, आणि एके दिवशी हीप (प्रोसेसची मेमरी) भरून प्रोसेस कोसळते. रेडिस वाचताना तर तपासतंच, शिवाय मुदत संपलेल्या नोंदी मागच्या मागे साफही करत राहतं.

उद्या दुसरी प्रोसेस लावलीत की दोघींचे मॅप वेगळे. रिफ्रेश केलं की जुनी वेळ, परत केलं की नवी. प्रवाशाने कुठल्या वेळेवर विश्वास ठेवायचा?

बोरिवलीची: कॅश कुठे ठेवायची यावर तुम्ही भांडताय, माझं भांडण मुदतीशी आहे. आमच्याकडे सरसकट २४ तास होती. शनिवारी रात्री ११ ला भरलेली नोंद रविवारी रात्री ११ पर्यंत ताजी! रविवारी मेगाब्लॉक. आमची एक सहकारी ठाण्याला बाळाला कडेवर घेऊन फास्टची वाट बघत उभी, आणि फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवर वळवलेल्या. रेडिस असतं तरी हेच झालं असतं. माहिती कधी बदलते ते बघून मुदत ठरवा. शनिवारच्या नोंदी मध्यरात्री संपल्याच पाहिजेत.

मुलुंडकर: हे शंभर टक्के मान्य. वडाळा, नोंदींना कमाल मर्यादा हवी हेही मान्य. पण ते मॅपमध्येच होतं. मॅप टाकण्याचा क्रम लक्षात ठेवतो. वाचलेली नोंद काढून पुन्हा टाकायची, म्हणजे सगळ्यात पुढे उरते ती कधीपासून कोणी न विचारलेली. जागा संपली की तीच उडवा.

आणि सकाळी साडेआठला नोंद संपते, चाळीस जण एकदम विचारतात, तेव्हा? मी मॅपमध्ये उत्तराऐवजी प्रॉमिसच, म्हणजे येणाऱ्या उत्तराची पावतीच, ठेवतो. पहिला माणूस विनंती पाठवतो, बाकीचे त्याच प्रॉमिसवर थांबतात. विनंती फसली तर नोंद तिथल्या तिथे काढायची, नाहीतर सगळ्यांना तीच चूक मिळत राहील. रेडिसमध्ये प्रॉमिस ठेवता येत नाही, तिथे एकानेच विनंती पाठवावी म्हणून लॉकचा खटाटोप आला.

वडाळा_रोड: प्रॉमिसचा मुद्दा बिनतोड आहे, घेतला. तरी एक ऐका. मॅपचं गेट आणि सेट (वाचणं आणि टाकणं) आजच असिंक, म्हणजे उत्तर नंतर देणारं, करून ठेवा, कॉल करणारा प्रत्येक जण अवेट लावून उत्तराची वाट बघू दे. दुसरी प्रोसेस आली की आतला मॅप काढून रेडिस लावायचं, बाहेरची एक ओळही बदलायला नको. एवढं कराल तर मीटिंगमध्ये तुमच्या बाजूने मीच बोलेन.